एबसिडिक–आस्की रूपांतर

एबसिडिक–आस्की रूपांतर म्हणजे मेनफ्रेम संगणकावर एबसिडिक या वर्णसंकेतात साठविलेली विदा, आस्की अथवा युनिकोड मानणाऱ्या संगणकांना वाचता येईल अशा रूपात आणण्याची प्रक्रिया होय. वरवर पाहता हे एका तक्त्यावरून दुसऱ्या तक्त्यावर जाण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात मेनफ्रेमच्या एकाच नोंदीत अक्षरे, आवळलेले दशमान अंक, द्विमान संख्या आणि नोंदीची लांबी सांगणारे बाइट एकमेकांना खेटून बसलेले असतात. त्यांपैकी फक्त अक्षरांनाच हे रूपांतर लागू पडते. इतर बाइटांवर ते लादल्यास रकमा बदलतात, आणि बदललेल्या रकमा पुष्कळदा खऱ्यासारख्याच दिसतात. रूपांतरातील जी चूक पडद्यावर विचित्र चिन्हांच्या रूपाने दिसते ती शोधणे सोपे असते. न दिसणारी चूक हा या विषयाचा खरा गाभा आहे.

जुन्या मराठी टंकांची आठवण असलेल्या वाचकाला यातील पहिली अडचण चटकन कळेल. 'शिवाजी' किंवा 'कृतिदेव' टंकात लिहिलेले पत्र तो टंक नसलेल्या संगणकावर उघडले, की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. संचिका बिघडलेली नसते. तिचा अर्थ लावण्याची किल्ली तेवढी चुकीची असते. एबसिडिक संचिकेचेही तसेच आहे. मात्र पत्रात केवळ मजकूर असतो आणि मेनफ्रेमच्या संचिकेत हिशेबही असतो, हा फरक मोठा आहे.

या लेखात बाइटांची मूल्ये षोडशमान पद्धतीने दिली आहेत. दहा ते पंधरा या मूल्यांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे वापरली आहेत. उदा. 'सी१' म्हणजे दशमान १९३.

पार्श्वभूमी

हर्मन हॉलेरिथ यांनी अमेरिकेच्या इ.स. १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रपत्रे वापरली. त्या परंपरेतून इ.स. १९२८ मध्ये आयबीएमचे ८० स्तंभांचे पत्र आले. या पत्रावर अक्षर नोंदविण्यासाठी एका स्तंभात दोन छिद्रे पाडीत: वरच्या भागात एक 'विभाग' छिद्र आणि खाली एक अंकछिद्र. ए ते आय या रोमन अक्षरांना बाराव्या ओळीचे, जे ते आर यांना अकराव्या ओळीचे आणि एस ते झेड यांना शून्याच्या ओळीचे छिद्र असे. हीच विभागणी आधी सहा बिटांच्या बीसीडीआयसी संकेतात आणि पुढे आठ बिटांच्या एबसिडिकमध्ये उतरली.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली आणि तिच्यासोबत एबसिडिक रूढ झाला. आस्कीचे पहिले प्रमाणक त्याच्या आदल्याच वर्षी, इ.स. १९६३ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. सिस्टिम/३६० च्या रचनेत आस्कीसाठी एक वेगळा बिट राखलेलाही होता, परंतु तो फारसा वापरला गेला नाही आणि पुढील सिस्टिम/३७० मालिकेत ती सोय उरली नाही. इ.स. १९६८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संघराज्य सरकारच्या संगणकांना आस्की हाताळता आला पाहिजे असा आदेश काढला. तोवर बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांची विदा एबसिडिकमध्ये साठू लागली होती. आयबीएमचे मेनफ्रेम आजही हा संकेत वापरतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस 'वाय-टू-के' दुरुस्तीची कामे मोठ्या प्रमाणावर भारतात आली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेक मराठी अभियंत्यांची कोबॉलशी आणि एबसिडिकशी गाठ पडली.

संकेतांची रचना

एबसिडिकमध्ये रिकामी जागा ४०, अंक एफ० ते एफ९, आणि मोठी रोमन अक्षरे सी१ ते सी९, डी१ ते डी९ व ई२ ते ई९ अशा तीन तुकड्यांत येतात. लहान अक्षरे ८१ ते ८९, ९१ ते ९९ आणि ए२ ते ए९ येथे असतात. एस अक्षर ई१ ऐवजी ई२ पासून सुरू होते, कारण छिद्रपत्रावर शून्य-एक ही जोडी तिरप्या रेघेला दिलेली होती. आस्कीत रिकामी जागा २०, अंक ३० ते ३९, मोठी अक्षरे ४१ ते ५ए आणि लहान अक्षरे ६१ ते ७ए अशी सलग असतात.

यावरून दोन गोष्टी घडतात. 'ए आणि झेड यांच्या दरम्यान असेल ते अक्षर' ही आस्कीवर बिनधोक चालणारी कसोटी एबसिडिकवर चुकते, कारण त्या टप्प्यात महिरपी कंसासारखी इतर चिन्हेही येतात. दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. एबसिडिकच्या क्रमात लहान अक्षरे, मग मोठी अक्षरे आणि शेवटी अंक येतात; आस्कीत अंक प्रथम, मग मोठी आणि शेवटी लहान अक्षरे येतात. म्हणून मेनफ्रेमवर क्रमाने लावलेली संचिका रूपांतरानंतर क्रमाने राहत नाही. दोन क्रमबद्ध संचिका ताडून जुळविणाऱ्या प्रणालीला अशी संचिका दिली, तर ती कोणतीही तक्रार न करता काही नोंदी 'सापडल्या नाहीत' म्हणून वगळते. रूपांतरानंतर संचिका पुन्हा क्रमाने लावून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

लक्षणांवरून निदान

संचिका मुळीच रूपांतरित झालेली नसेल तर ती ओळखता येते. एबसिडिकमधील रिकामी जागा ४० ही आस्कीत '@' हे चिन्ह होते. त्यामुळे पडद्यावर '@' च्या लांबच लांब रांगा दिसतात. पश्चिम युरोपीय आठ-बिटी संचात वाचल्यास नावांच्या जागी स्वरचिन्हे लागलेली रोमन अक्षरे येतात. सर्वत्र '@' दिसत असेल तर संचिका बहुधा शाबूत आहे आणि काम अजून सुरूच झालेले नाही, असे समजावे.

बहुतेक मजकूर बरोबर असून ठरावीक चिन्हेच चुकत असतील, तर कोड पेजची गफलत असते. एबसिडिक हा एकच तक्ता नाही. अमेरिकेत ०३७, आंतरराष्ट्रीय वापरासाठी ५००, जर्मनीसाठी २७३, ब्रिटनसाठी २८५, मेनफ्रेमवरील युनिक्स वातावरणात १०४७, अशी अनेक कोड पेजेस आहेत. रोमन अक्षरे व अंक या सर्वांत एकाच जागी आहेत. भांडण आहे ते विरामचिन्हे, कंस, चलनचिन्हे आणि स्वरचिन्हांकित अक्षरे यांचे. ४एफ हा बाइट ०३७ मध्ये उभी रेघ आहे आणि ५०० मध्ये उद्गारचिन्ह. ज्या संचिकेत रकाने उभ्या रेघेने वेगळे केले आहेत, ती चुकीच्या पेजने वाचली तर संपूर्ण ओळ एकच रकाना होऊन बसते. चौकोनी कंसाची सुरुवात ०३७ मध्ये बीए, ५०० मध्ये ४ए आणि १०४७ मध्ये एडी येथे आहे. पायथन भाषेच्या प्रमाणित संचात ०३७, ५०० आणि ११४० आहेत, परंतु १०४७ नाही. तेथे '०३७ जवळजवळ तेच' म्हणून वापरले की नेमके हे कंस बिघडतात.

याहून गंभीर उदाहरण चलनाचे आहे. ५बी हा बाइट ०३७ मध्ये डॉलर आणि २८५ मध्ये पौंड दर्शवितो. ब्रिटिश संचिका अमेरिकी तक्त्याने वाचल्यास सर्व आकडे जसेच्या तसे राहून पौंडांचे डॉलर होतात. विचित्र असे एकही चिन्ह पडद्यावर उमटत नाही. कोड पेज अंदाजाने न ठरविता संचिका देणाऱ्याकडून लेखी घ्यावे ते यासाठी. ते मिळत नसेल, तर ज्यातील मजकूर ठाऊक आहे असा पत्ता किंवा नाव शोधून त्याचे बाइट पाहणे हा मार्ग उरतो.

जपानी, चिनी व कोरियन संचिकांत दोन बाइटांची अक्षरे असतात आणि त्यांच्या आधी ०ई व नंतर ०एफ हे दिशादर्शक बाइट येतात. त्यांतला एक हरवला तरी पुढचा सर्व मजकूर घसरतो.

संख्यांचे साठवण

कोबॉलमधील संख्या मुख्यत्वे तीन रूपांत आढळतात. रूपांतरातील बहुतेक हानी येथेच होते, म्हणून हा भाग सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

पहिले रूप आवळलेल्या दशमानाचे. कोबॉलमध्ये त्याला कॉम्प-३ म्हणतात. यात एका बाइटच्या दोन अर्ध्या भागांत एकेक अंक बसतो आणि शेवटच्या अर्ध्या भागात संख्येचे चिन्ह असते: सी म्हणजे धन, डी म्हणजे ऋण, एफ म्हणजे चिन्हविरहित. त्यामुळे +१२३४५ ही संख्या १२, ३४, ५सी अशा तीनच बाइटांत मावते.

आता हे तीन बाइट मजकूर समजून ०३७ तक्त्याने पश्चिम युरोपीय आठ-बिटी संचात बदलले तर काय होते ते पाहावे. १२ हा नियंत्रण-संकेत आहे. तो १२ च राहतो. ३४ चा ९४ होतो. ५सी म्हणजे एबसिडिकमधील तारांकन. आस्कीत तारांकन २ए असल्याने त्याचा २ए होतो. हाती येतात १२, ९४, २ए. आवळलेल्या दशमानात ए हे अर्धबाइटही धनचिन्ह म्हणून वैध आहे. म्हणून ही संख्या वाचणारी प्रणाली अडखळत नाही. ती १२९४२ असे शांतपणे वाचते. १२,३४५ चे १२,९४२ झाले आणि कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही. मूळ संख्या ऋण असती तर शेवटचा बाइट ५डी, म्हणजे बंद कंस असता. त्याचा २९ होतो, चिन्हाच्या जागी ९ येतो आणि प्रणाली थांबते. एकाच रकान्यातील काही नोंदी अडतात आणि काही चुकीच्या होऊन पुढे जातात, हे त्यामुळे. अडलेल्या नोंदींवरच लक्ष देऊन 'बाकीच्या ठीक' मानणे ही या कामातली फार सर्रास आढळणारी फसगत आहे.

आवळलेल्या अंकांत योगायोगाने नियंत्रण-संकेतही तयार होतात. २५ ही अंकांची जोडी एबसिडिकमध्ये नवी ओळ आहे. रूपांतरानंतर नोंद मधोमध तुटते. शून्याने संपणाऱ्या ऋण संख्येचा शेवटचा बाइट ०डी, म्हणजे ओळीच्या आरंभी परतण्याचा संकेत असतो. चिन्हविरहित संख्या ३ ने संपली आणि शेवटचा बाइट ३एफ झाला, तर त्याचा १ए होतो. विंडोजवरील काही जुन्या प्रणाली १ए दिसताच संचिका संपली असे मानून वाचणे थांबवितात. लाख नोंदींच्या संचिकेतून काही हजारच हाती आल्या, तर या बाइटाचा संशय घ्यावा.

दुसरे रूप विभागयुक्त दशमानाचे. येथे प्रत्येक अंकाला एक बाइट असतो, परंतु चिन्ह शेवटच्या अंकावरच चढविलेले असते. ही छिद्रपत्रावर अंकाच्या वर जादा छिद्र पाडण्याच्या रीतीची आठवण आहे. +१२३४५ हे एफ१, एफ२, एफ३, एफ४, सी५ असे साठते आणि मजकूर म्हणून बदलल्यास '१२३४' पुढे रोमन ई अक्षर दिसते. −१२३४५ असेल तर ई च्या जागी एन दिसते. शून्याने संपणाऱ्या धन संख्येत उघडा महिरपी कंस आणि ऋण संख्येत बंद महिरपी कंस येतो. रकमांच्या शेवटी अशी अक्षरे व कंस दिसले की संचिका बिघडली असे नवख्याला वाटते; वास्तविक सर्व माहिती सुरक्षित असते, फक्त शेवटचे अक्षर उलगडायचे असते. ती 'साफ' करण्याच्या भरात अक्षर काढून टाकले तर शेवटचा अंक आणि चिन्ह दोन्ही जातात. जर्मन २७३ पेजने वाचलेल्या संचिकेत महिरपी कंसांच्या जागी दोन टिंबांची ए व यू ही अक्षरे दिसतात, अर्थ तोच.

तिसरे रूप शुद्ध द्विमान संख्यांचे. मेनफ्रेम मोठा भाग आधी लिहितो, तर सर्वसाधारण वैयक्तिक संगणक लहान भाग आधी वाचतो. दोन बाइटांतील ००, ०१ ही संख्या १ असताना उलट वाचल्यास २५६ होते. अपूर्णांकांसाठी आयबीएमची जुनी तरंगबिंदू पद्धत १६ या पायावर आधारलेली आहे, तर आज सर्वत्र रूढ असलेली आयईईई ७५४ पद्धत २ या पायावर. आयबीएम पद्धतीने लिहिलेला १, म्हणजे ४१, १०, ००, ००, हा आयईईई पद्धतीने वाचला तर ९ येतो.

कोणता बाइट कोणत्या रूपात आहे हे संचिकेत कोठेही लिहिलेले नसते. ते कोबॉलच्या कॉपीबुकात, म्हणजे नोंदीच्या रचनेच्या लेखी आराखड्यात असते. कॉपीबुकाविना आवळलेले रकाने शोधणे हे अनुमान आहे. शिवाय एकाच जागेला दोन अर्थ देणारी 'रिडिफाइन्स' ही सोय वापरलेली असेल, तर नोंदीचा प्रकार सांगणारा रकाना आधी वाचून मगच पुढचा भाग कसा उलगडायचा ते ठरवावे लागते. न भरलेल्या संख्या-रकान्यात नुसती ४०, ४०, ४० पडलेली असणेही नेहमीचेच. अशा रकान्यावर गणित करू गेल्यास मेनफ्रेमवर एस०सी७ ही प्रसिद्ध त्रुटी येते.

नोंदींच्या सीमा

मेनफ्रेमच्या संचिकेत ओळ संपल्याची खूण सहसा नसते. ठरावीक लांबीच्या नोंदी एकामागून एक येतात. ८० बाइटांच्या नोंदी असतील तर ८०,००,००० बाइटांच्या संचिकेत बरोबर १,००,००० नोंदी असल्या पाहिजेत. एकूण लांबीला नोंदीच्या लांबीने निःशेष भाग जात नसेल, तर वाटेत काहीतरी गळले किंवा मिसळले आहे. हा एक भागाकार कोणतेही साधन उघडण्यापूर्वी करावा.

बदलत्या लांबीच्या नोंदीपुढे चार बाइटांचा आरडीडब्ल्यू असतो. त्याच्या पहिल्या दोन बाइटांत त्या चार बाइटांसह नोंदीची लांबी असते. ५४ बाइटांची नोंद ००, ३६, ००, ०० अशी सुरू होते. एफटीपीने अशी संचिका मेनफ्रेमवरून आणताना हे चार बाइट पाठविण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. ती न देता बायनरी पद्धतीने आणल्यास नोंदी एकमेकींना चिकटून येतात आणि त्यांच्या सीमा सांगणारे काहीच उरत नाही. मजकूर पद्धतीने आणल्यास सीमा राहतात, पण आवळलेले अंक वर सांगितल्याप्रमाणे बिघडतात.

लक्ष्य युटीएफ-८ असेल तर आणखी एक बाब लक्षात घ्यावी. मूळ संचात एका बाइटचे असलेले स्वरचिन्हांकित अक्षर तेथे दोन बाइटांचे आणि युरोचे चिन्ह तीन बाइटांचे होते. म्हणून 'अमुक बाइटापासून अमुक रकाना' ही मोजणी रूपांतरानंतर करू नये. आधी रकाने कापावेत आणि नंतर प्रत्येकाचे रूपांतर करावे.

कार्यपद्धती

संचिका बायनरी पद्धतीने आणून तिची मूळ प्रत अस्पर्श ठेवावी. पहिल्या काही नोंदींचा हेक्स डंप कॉपीबुकाशेजारी ठेवून रकाना-रकाना ताडावा. मजकुराचे रकाने कोड पेजने आणि संख्यांचे रकाने त्यांच्या रूपानुसार उलगडावेत. मेनफ्रेमवर हात पोहोचत असेल तर याहून सोपी वाट आहे: तेथील डीएफसॉर्टसारख्या साधनाने सर्व संख्या आधीच साध्या, वेगळ्या चिन्हाच्या अंकांत लिहून घ्याव्यात, म्हणजे उरतो तो निव्वळ मजकूर. युनिक्सवरील आयकॉन्व्ह आणि डीडी ही साधने मजकुरापुरती उपयोगी आहेत. डीडीचा आस्की पर्याय मात्र नोंदींच्या शेवटच्या रिकाम्या जागाही कापतो आणि त्याचा तक्ता ०३७ शी तंतोतंत जुळत नाही.

पडताळणीसाठी नोंदींची संख्या पुरेशी नाही, कारण १२,३४५ चे १२,९४२ झाले तरी नोंदींची संख्या तीच राहते. प्रत्येक रकमेच्या रकान्याची बेरीज मेनफ्रेमवर काढून रूपांतरित संचिकेतील बेरजेशी ताडावी. खातेक्रमांकासारख्या, ज्यांची बेरीज एरवी निरर्थक असते, अशा रकान्यांचीही बेरीज या एका कामासाठी घेतात. तिला हॅश टोटल म्हणतात.

बिघडलेल्या संचिकेची दुरुस्ती

मूळ संचिका हाती नसेल आणि चुकीने मजकूर म्हणून बदललेली प्रतच उरली असेल, तरी ती टाकून देण्याची घाई करू नये. ०३७ आणि पश्चिम युरोपीय आठ-बिटी संच यांत प्रत्येक बाइटला एक आणि एकच जोडीदार आहे. त्यामुळे तोच तक्ता उलटा लावला की १२, ९४, २ए पासून पुन्हा १२, ३४, ५सी मिळतात. मधल्या काळात बाइट गळलेले नसणे ही एकच अट आहे. रूपांतर सात-बिटी आस्कीत झाले असेल तर अनोळखी बाइटांच्या जागी प्रश्नचिन्हे बसलेली असतात. युटीएफ-८ म्हणून चुकीचे वाचले असेल तर ईएफ, बीएफ, बीडी ही त्रयी जागोजागी आढळते. ती दिसली की मूळ बाइट परत मिळणार नाहीत. ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा कापल्या असतील, तर नोंदीची लांबी ठाऊक असल्यास मजकुरापुरती भरपाई होते. परंतु शेवटच्या रकान्यात आवळलेली संख्या असेल, तर कापले गेलेले बाइट रिकामी जागा होते की अंक, हे सांगता येत नाही.

इतर क्षेत्रांतील वापर

भूकंपीय सर्वेक्षणाची विदा साठविणाऱ्या सेग-वाय या इ.स. १९७५ च्या प्रमाणकात आरंभीचा ३,२०० बाइटांचा मजकूर एबसिडिकमध्ये असतो: ४० ओळी, प्रत्येकी ८० अक्षरे, म्हणजे अक्षरशः ४० छिद्रपत्रे. त्यामागून येणारे ४०० बाइटांचे शीर्षक द्विमान असते आणि मूळ प्रमाणकानुसार नमुन्यांची मूल्ये आयबीएमच्या तरंगबिंदू पद्धतीत लिहिता येतात. इ.स. २००२ च्या सुधारित आवृत्तीने आस्की व आयईईई पद्धतीला मान्यता दिली, तरी जुन्या संचिका तशाच वापरात आहेत. भूभौतिकीच्या विद्यार्थ्याला एबसिडिकची पहिली ओळख बहुधा येथेच होते, आणि वर दिलेला १ चा ९ होण्याचा प्रकारही.

युनिकोडला एबसिडिकच्या चौकटीत बसविणारे युटीएफ-एबसिडिक हे रूप युनिकोडच्या सोळाव्या तांत्रिक अहवालात दिलेले आहे. ते फारसे प्रचारात आले नाही. देवनागरीसाठीही आयबीएमचे ११३७ हे एबसिडिक कोड पेज आहे.